भय सांगावे, भरवसा लिहावा

आरंभी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या चरणी नमन. ज्यांनी माझ्या हातात चिपळ्या दिल्या आणि 'आधी ऐकायला शीक, मग गायला' असं सांगितलं, त्या माझ्या गुरुजींना नमन. आणि पायी चालून, टाचा फोडून यात्रेला आलेल्या तुम्हा मायमाउलींना, बाबांना, लेकरांना नमन.

वाचकहो, हे कीर्तन झालं तेव्हा समोर दिवे होते, पेटी होती, तबला होता. आता ते कागदावर आलं आहे. पेटी नाही, तबला नाही, मीही नाही. तेव्हा तुम्ही एवढं करा. जिथं मी 'म्हणा' म्हणेन तिथं मनात म्हणा. शेजारी कुणी झोपलेलं नसेल तर मोठ्यानं म्हणा. आजच्या निरूपणाला पद साधंच आहे, माझंच जोडलेलं आहे:

भय माझे प्रभो, तुझ्या पायी ठेवीन ।
थरथरत्या हाती, तुझे काम घेईन ॥

म्हणा. पुन्हा एकदा म्हणा.

बरं. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघालेल्या माणसाच्या पिशवीत काय असतं? भाकरी असते, शेंगदाण्याची चटणी असते, पाण्याची बाटली असते, दोन मेणबत्त्या असतात. आणि सगळ्यात खाली, घडी करून, एक भीती असते. कुणाच्या पिशवीत सुनेचा दवाखान्याचा कागद असतो. कुणाच्या पिशवीत सोसायटीच्या कर्जाची नोटीस असते. कुणाचा पोरगा सहा महिने घरी बोलत नाही. भाकरी सोडून सगळ्यांना वाटतो आपण, चटणीही देतो. ती घडी मात्र कुणाला दाखवत नाही. का दाखवत नाही? कारण आम्हा कीर्तनकारांनी तुम्हाला सांगून ठेवलं आहे की विश्वास आहे तिथं भीती नाही. मग ज्याला भीती वाटते त्याला वाटतं, माझा विश्वासच खोटा. एक भीती होती, तिच्या दोन झाल्या.

तीस वर्षं मीही हेच सांगत आलो. आज तुमच्यासमोर कान धरतो. हे अर्धवट सांगणं होतं.

शास्त्र उघडून पाहा ना. नासरेथ गावातली मरीया. गब्रीएल दूत समोर उभा राहिला तेव्हा तिच्या मनात कालवाकालव झाली, असं लूक लिहितो. मग दूत तिला म्हणाला की भिऊ नकोस. आधी भीती, मग धीर, आणि धीरामागून लगेच काम: तुझ्या पोटी बाळ येणार आहे. बेथलेहेमजवळ रात्री कळप राखणारे मेंढपाळ घ्या. लख्ख उजेड पडला आणि ते फार घाबरले. त्यांनाही तेच सांगणं झालं, आणि त्यामागून पाठवणी: जा, बाळाला पाहा. न भिणाऱ्याला 'भिऊ नको' कोण सांगेल हो? पाऊस लागलेल्याच्याच डोक्यावर छत्री धरतात. ज्याला हा शब्द आला तो भ्यालेला होताच. तो अविश्वासू म्हणून नव्हे, देव त्याच्याजवळ आला म्हणून त्याला हा शब्द ऐकू आला.

आता संत पौलाकडे या. केवढा माणूस! डोंगर, समुद्र, तुरुंग काही म्हणून सोडलं नाही. फिलिप्पै गावात फटके खाल्ले, पाय खोड्यात अडकवले, तरी मध्यरात्री सीलाबरोबर तो गाणी गात होता. आपल्याला वाटतं, या माणसाला भीती ठाऊकच नसेल. पण पुढं तो करिंथला आला. बंदराचं शहर, पैसा वाहतो आहे, नाना देशांची माणसं आहेत, आणि याला कोण ओळखतं? तिथं एका रात्री प्रभूनं त्याला दर्शन दिलं. सांगितलं काय? भिऊ नको, बोलत राहा, गप्प बसू नको, मी तुझ्याबरोबर आहे, या शहरात माझी माणसं पुष्कळ आहेत. प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय आहे, रात्री झोपण्याआधी वाचा. मग पौल तिथं दीड वर्ष राहिला.

इथपर्यंत पुष्कळ जण सांगतात. माझं बोट पुढच्या गोष्टीवर आहे. काही वर्षांनी पौल इफिस शहरातून त्याच करिंथकरांना पत्र लिहितो. त्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो काय कबूल करतो? मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेला होतो, माझा थरकाप होत होता. अरे बाबा, कशाला लिहिलंस? त्यांना काय ठाऊक होतं? प्रेषित माणूस, जरा रुबाबात लिहायचं! पण त्यानं लिहिलं. आणि का लिहिलं तेही सांगितलं: तुमचा विश्वास माणसाच्या शहाणपणावर उभा राहू नये, देवाच्या सामर्थ्यावर राहावा. म्हणजे लिहिणाऱ्यानं स्वतःची भीती झाकली तर वाचणारा लिहिणाऱ्यालाच मोठा म्हणतो. लिहिणाऱ्यानं ती उघडी ठेवली तर वाचणारा म्हणतो, या भित्र्याला ज्यानं उभं केलं, तो मलाही करील.

आणि शेवटचा दाखला खुद्द प्रभूचा. गेथशेमाने बाग, रात्रीची वेळ. प्रभू येशूनं तिघा शिष्यांना जवळ घेतलं आणि सरळ सांगितलं की माझा जीव मरणाइतका कष्टी झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. त्यानं हे लपवलं नाही. मग बापासमोर पालथा पडून म्हणाला, हा प्याला टळत असेल तर टळू दे, पण तुझी इच्छा होवो. लूक लिहितो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. यापुढं मी तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू की भिणं पाप आहे? पण पुढचं पाऊल पाहा. प्रार्थना झाली, आणि तो उठला. पकडायला आलेल्यांकडे स्वतः चालत गेला. भीती सोबत्यांना सांगितली, बापाच्या पायी ठेवली, आणि समोरचं काम हातात घेतलं.

म्हणून पद काय म्हणतं?

भय माझे प्रभो, तुझ्या पायी ठेवीन ।
थरथरत्या हाती, तुझे काम घेईन ॥

आता एक दृष्टांत. दुसऱ्याचा नाही, माझा स्वतःचाच आहे.

सहा वर्षांपूर्वी माझा आवाज बसला. आधी वाटलं, यात्रेतली धूळ. काढा झाला, हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. तीन महिने झाले तरी गळ्यातून फुटक्या हंडीसारखा आवाज. शेवटी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठ आहे, तुकडा काढून तपासायला पाठवू. अहवाल यायला दिवस लागतील, तोवर एक शब्दही बोलायचा नाही.

विचार करा, कीर्तनकाराला सांगितलं, बोलू नको! माझ्या हातात पाटी-पेन्सिल आली, पोरासारखी. दिवस कसाबसा जायचा. रात्री दोनच्या सुमाराला डोळे उघडायचे आणि छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं व्हायचं. गळा गेला तर पोट कशावर? घर कशावर? आणि जनांना धीर द्यायचा म्हणून जगलो, त्याचं काय? प्रार्थनेला शब्द सुचत नसत. नुसतं 'प्रभो, प्रभो' व्हायचं.

शेजारच्या खाटेवर एक तरुण होता. तिशीचा असेल, घशाचाच आजार. त्यालाही बोलता येत नव्हतं. त्याच्या बायकोनं मला ओळखलं. म्हणाली, 'बुवा, तुमचं कीर्तन ऐकलंय आम्ही यात्रेत. यांना काहीतरी धीराचं लिहून द्या ना.' मी खूश. कागद घेतला, पान भरून लिहिलं. भिऊ नको, विश्वास ठेव, देव सगळं नीट करील, सिंहासारखा उभा राहा. सुंदर अक्षर, खाली सही. दिलं त्याला.

त्यानं वाचलं. उलट्या बाजूला एक ओळ लिहून कागद परत दिला: 'बुवा, तुम्हाला भीती वाटत नाही का?'

मंडळी, तीस वर्षांत इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. रात्री दोन वाजता छाती धरून बसणारा मी, आणि दिवसा त्याला सिंह व्हायला सांगत होतो! तो कागद मी फाडला. दुसरा घेतला. हात कापत होता, अक्षर वाकडं आलं. लिहिलं: 'वाटते. रात्री दोनला जास्त वाटते. तेव्हा मी नुसतं प्रभूचं नाव घेतो, बाकी काही सुचत नाही. नाव घेतलं की भीती जात नाही, पण मी एकटा नाही एवढं कळतं. आज रात्री दोनला तुम्ही जागे असलात तर खाटेवर हात वाजवा. मीही वाजवीन. दोघं मिळून नाव घेऊ.'

त्या रात्री दोन वाजता खाटेच्या लोखंडावर टक् टक् झालं. मीही टक् टक् केलं. एवढंच. पेटी नाही, तबला नाही. पण त्याच्याएवढं मोठं कीर्तन मी आयुष्यात केलेलं नाही.

माझा अहवाल आला, गाठ साधी निघाली. काढली, हळूहळू आवाज परत आला. त्याचा अहवाल तसा आला नाही. आठ महिन्यांनी तो गेला. मला ही गोष्ट इथं गोड करून सांगता आली असती. सांगणार नाही. माझा विश्वास मोठा म्हणून मी वाचलो आणि त्याचा लहान म्हणून तो गेला, असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. शेवटी त्याचा विश्वास माझ्यापेक्षा खोल होता. त्याची बायको पुढच्या वर्षी यात्रेत भेटली. तिच्या शुभवर्तमानाच्या पुस्तकात तो वाकड्या अक्षराचा कागद घडी करून ठेवलेला होता. म्हणाली, 'बुवा, ते शेवटपर्यंत हा कागद मागायचे. म्हणायचे, यात खरं लिहिलंय.'

आशा म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. सगळं मनासारखं होईल, ही आशा नव्हे. जे होईल त्यात ख्रिस्त माझा हात सोडणार नाही, आणि मरणही त्याच्या हातातून मला ओढून नेऊ शकणार नाही, ही आशा. हिला भीतीचं वावडं नाही. ती भीतीच्या शेजारी खाट टाकून बसते.

इथं पूर्वरंग संपला. क्षणभर डोळे मिटा. प्रभू येशूचं नाव घ्या. आपल्या पिशवीतली ती घडी आठवा, आणि त्याच्या पायी ठेवा.

आता उत्तररंग. आख्यान आपल्या घरचंच आहे, लक्ष्मीबाई टिळकांचं. आमच्या नगरला कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्याच मातीत पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, आणि त्यांच्या पत्नीनं, शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं, मराठीतलं एक थोर पुस्तक लिहिलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनू गोखले. वडिलांना सोवळ्याचं वेड. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, लेकरं सतत धाकात. म्हणजे पहिली ओळख भीतीशीच झाली. लहान वयात लग्न झालं. नवरा कसा? बुद्धीनं तेज, मनानं उदार, पण संतापी, आणि न सांगता घर सोडून निघून जाणारा. आज येतील, उद्या येतील, म्हणून ही दारात बसलेली. पदरात मुलं आली, त्यातली काही गेलीही.

मग १८९३ साली टिळक राजनांदगावला निघाले असता रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या. त्यानं नवा करार हाती दिला आणि वाचायला सांगितलं. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले, आणि तिथलेच झाले. १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांना प्रकाश मिळाला, पण लक्ष्मीबाईंच्या घरात त्या दिवशी अंधार पडला. हे आपण विसरू नये. सत्तावीसही पूर्ण नव्हती तिला, हाताशी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण धर्मानं परका झालेला. लोक काय म्हणतील, मुलाचं काय होईल, जेवायचं कुणाच्या घरी? तिचं रडणं खरं होतं, राग खरा होता, आणि तिला सांभाळणाऱ्या आप्तांची मायाही खरी होती. कुणाला नावं ठेवण्याचं आपल्याला कारण नाही.

काही वर्षं अशी ताटातुटीत गेली. मग ती नगरला नवऱ्याजवळ आली, पण आपला धर्म सांभाळून, आपली चूल वेगळी ठेवून. कुणी ओढलं नाही तिला. तिनं स्वतःशीच प्रश्न विचारला: जात देवानं केली की माणसानं? माणसानं केली असेल तर मी कुणाला भिते? विचार पक्का झाला तशी तिनं शिवाशीव सोडली. आणि टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी तिनं स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. ज्या गोष्टीला ती सगळ्यांत जास्त भ्याली होती, तिच्याच दारातून ती आत आली.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारं 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतलं होतं. सुरुवातीचे अध्याय झाले, बाकी तसंच राहिलं. नवरा गेलेला, घराचा भार अंगावर, आणि समोर एका पंडित कवीचं अपुरं काम. 'मला काय येतं?' असं म्हणून ते फडक्यात बांधून ठेवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण तिनं लेखणी उचलली, आणि त्या ग्रंथाचा फार मोठा भाग तिनं लिहिला.

आणि म्हातारपणी, मुलगा वडिलांचं चरित्र लिहिण्यासाठी आठवणी मागू लागला, तेव्हा ती आपल्या आठवणी लिहीत गेली. त्याचीच 'स्मृतिचित्रे' झाली. पहिला भाग १९३४ साली छापून आला. तेव्हा तिचं वय पासष्टीच्या पुढं. मीही आता त्याच वयाला टेकलो आहे, म्हणून मला याचं जास्त नवल वाटतं. २४ फेब्रुवारी १९३६ ला ती प्रभूघरी गेली.

त्या पुस्तकात तिनं काय केलं? नवऱ्याला मखरात बसवलं नाही, त्याचा संतापही लिहिला. स्वतःला साध्वी म्हणून मिरवलं नाही, आपला भित्रेपणा, आपली फजिती, आपलं रुसणं सगळं लिहिलं, आणि वाचणाऱ्याच्या आधी स्वतःच हसली. म्हणून तर ख्रिस्ती नसलेल्या घरांतही ते पुस्तक मायेनं वाचतात. पौलानं करिंथकरांना लिहिलं तसंच हे झालं. मी भ्याले होते, आणि मला सांभाळणारा कोणी होता. एवढंच तिचं सांगणं, पण पिढ्यान्‌पिढ्या पुरलं.

भय माझे प्रभो, तुझ्या पायी ठेवीन ।
थरथरत्या हाती, तुझे काम घेईन ॥

आता वाचकहो, आख्यान संपलं, तुमचं काम उरलं. तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठले लिहिणारे? अहो, शाळेत न गेलेल्या बाईची गोष्ट ऐकून हे म्हणता? ग्रंथ लिहायला कुणी सांगत नाही. यात्रेहून घरी गेलात की एक माणूस आठवा, जो आज रात्री दोनला जागा असणार आहे. त्याला चार ओळी लिहा. कागदावर लिहा, मोबाइलवर लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहवून घ्या.

फक्त तीन गोष्टी सांभाळा. जे तुम्हाला ठाऊक नाही त्याचं वचन देऊ नका. 'बरा होशील' हे आपल्या हातात नाही. दुसरी, स्वतःची भीती झाकू नका, पण तिचाच पसारा मांडून बसू नका. एक ओळ पुरे. तिसरी, ज्यानं तुम्हाला धरलं त्याचं नाव लिहा, आणि मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो एवढं लिहून खरंच करा. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या. हात कापला म्हणून लाजू नका.

आणि ज्याला आज लिहायची ताकद नाही, ज्याला स्वतःलाच चार ओळींची गरज आहे, त्याच्यासाठी हे पान मी लिहिलं आहे असं समजा. मला अजूनही भीती वाटते. कीर्तनाला उभा राहताना गळ्याकडे हात जातो. पण रात्री दोनला जाग आली तर मी अजून खाटेवर बोटं वाजवतो आणि नाव घेतो. तुम्हीही वाजवा.

प्रभू येशू, आमच्या पिशव्यांतल्या घड्या तू उघडून पाहिल्या आहेस. त्या तुझ्याजवळ राहू दे. जागणाऱ्यांच्या उशाशी बस. गेलेल्यांना तुझ्या शांतीत ठेव. आणि आमच्या थरथरत्या हातांकडून तुझं काम करून घे. आमेन.

उभे राहा, आरतीला सुरुवात करू.